सहाचा शो कुणाचा?

अँटॉप हिलवरून सिनेमाला निघायचं तर वाटा तीन. एक किंग्ज सर्कलच्या ऑरोराची. रजनीकांतचा सिनेमा लागला की सायन कोळीवाड्यातली पोरं अंधारातच त्या वाटेला लागतात. दुसरी वडाळ्याच्या आयमॅक्सची, जिथे २००१ मध्ये घुमटाकार पडदा आला. तिसरी दादर-लालबागची. प्लाझा, भारतमाता आणि मे २०१९ मध्ये बंद पडलेलं चित्रा ही आमच्याकडची मराठी सिनेमाची ठिकाणं. केंद्र सरकारच्या क्वार्टर्सपासून संगमनगरपर्यंत या तिन्ही वाटांचे लोक एकमेकांना लागून राहतात. त्यामुळे दिवाळीत किंवा पंधरा ऑगस्टला एकाच शुक्रवारी तीन-चार सिनेमे येणार असले, की कोणता चालेल आणि कोणता आपटेल यावर जिन्यात आणि गच्चीवर बोलणं सुरू होतं.

माझं बोलणं होतं ते शेजारच्या काकांशी. काका नाझमध्ये होते. लॅमिंग्टन रोडची नाझ बिल्डिंग म्हणजे मुंबईतल्या फिल्म वितरकांचं जुनं ठाणं. तिथल्या एका वितरकाकडे ते रिप्रेझेंटेटिव्ह होते. प्रिंटबरोबर गावोगाव जायचं, तिकीटखिडकीशेजारी बसून विक्री मोजायची आणि रात्री डीसीआर, म्हणजे रोजच्या कलेक्शनचा कागद, भरून मुंबईला पाठवायचा. मी मराठी सिनेमावर लिहिते. आमचं पटत नाही, पण त्यांच्याइतकं बारकाईने हे मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून सणाच्या तोंडावर आमच्यात झालेलं बोलणं इथे देते आहे.

काका : मराठी सिनेमाला शो मिळत नाहीत असं तू लिहिलंस. मला सांग, शो म्हणजे काय?

मी : सिनेमा आणि प्रेक्षक यांची गाठ पडायची वेळ.

काका : ती तुझ्यासाठी. थिएटरवाल्याला शो म्हणजे नासणारा माल. सहाच्या शोची खुर्ची सव्वासहाला रिकामी असली की ती गेली. उद्या दोनदा विकून भरपाई होत नाही. एसी तेवढाच, वीज तेवढीच, डोअरकीपरचा पगार तेवढाच. मग तो अंदाज बांधणारच. तो अंदाज बांधतो म्हणून तू त्याला खलनायक ठरवतेस.

मी : अंदाज बांधू नये असं मी म्हणत नाही. पण पावसाचा अंदाज चुकला तर पाऊस काही त्या अंदाजाचं ऐकत नाही. सिनेमाचं तसं नाही. ‘हा चालणार नाही’ असं बुधवारी ठरतं, त्यावरून शुक्रवारी त्याला सकाळी पावणेदहाचा एक शो मिळतो. पावणेदहाला नोकरदार माणूस येत नाही. रविवारी आकडे येतात आणि सगळे म्हणतात, बघा, म्हटलं होतं ना! तुमचा अंदाजच त्याचं भविष्य ठरवतो आणि मग स्वतःची पाठ थोपटून घेतो.

काका : पावणेदहाचा शो का देतात तेही सांग ना. हवेतून नाही देत. हे बघ.

काकांनी मोबाइल काढला. तिकिटांच्या ॲपवर एका थिएटरचा रविवार संध्याकाळचा खुर्च्यांचा नकाशा उघडला आणि बोट फिरवत सांगू लागले.

काका : मागच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या दोन-दोन खुर्च्या गेल्यात. ती जोडपी. सिनेमा कुठलाही असो, त्या जातातच, त्यावरून काही कळत नाही. मधल्या रांगा बघ. सलग सहा, एक मोकळी, मग सलग आठ. म्हणजे आख्खी घरं येतायत, नाहीतर बायकांचा ग्रुप. अशा सलग खुर्च्या दिवसागणिक वाढल्या की समजायचं, कुणीतरी बघून आलंय आणि घरी जाऊन सांगितलंय. आता ही दुसरी तऱ्हा. आडवेळेचा शो, पडद्याला चिकटलेल्या रांगासुद्धा गच्च, आणि मागचं चांगलं चांगलं मोकळं. ते निर्मात्याच्या नाहीतर हिरोच्या माणसांनी घाऊक उचललेलं. तिकीट विकलंय, माणूस आलेला नाही.

मी : म्हणजे आकडे फुगवतात हे तुम्ही मान्य करता.

काका : फुगवतात, आणि धंद्यातल्या माणसाला ते लगेच कळतं. फसतो तो वाचक. एकजण ग्रॉस सांगतो, दुसरा नेट, तिसरा परदेशासकट जगभरचं. तीन वेगळ्या हिशेबांची तुलना पेपरात एकाच ओळीत छापून येते.

इथे मला माझं एक म्हणणं मांडायचं आहे. दक्षिण कोरियात तिथल्या फिल्म कौन्सिलची कोबिस नावाची यंत्रणा आहे. कुठल्या सिनेमाची किती तिकिटं गेली हे ती रोज सगळ्यांसमोर ठेवते. फ्रान्समध्येही सिनेमाचं यश तिकिटांच्या संख्येत सांगतात. आपल्याकडे आकडा येतो तो निर्मात्याकडून किंवा ट्रेडच्या जाणकारांकडून, आणि येतो रुपयांत. चारशे रुपयांचं रिक्लायनर आणि कोल्हापूरच्या एकपडदा थिएटरातली बाल्कनी यांची गोळाबेरीज त्यात एकच होते. किती माणसं आली हे कळतच नाही. मराठी सिनेमाचा प्रेक्षक स्वस्त तिकिटाच्या जागी जास्त असतो, त्यामुळे या हिशेबात तो नेहमी आहे त्याहून लहान दिसतो. काकांना हे पटतं. पुढचं पटत नाही.

मी : तुमची सगळी भाकितं ॲडव्हान्स बुकिंगवर उभी आहेत, तेही मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांच्या. सलमानचा, अजय देवगणचा चाहता बुधवारीच तिकीट काढतो. मराठी घर असं करत नाही. शुक्रवारी कुणीतरी बघतं, शनिवारी फोन होतात, रविवारी जेवताना ठरतं. सातारा-सांगलीला तर तिकीट खिडकीवरच निघतं. तुमच्या मापात ही माणसं येतच नाहीत.

काका : ‘सैराट’ आला की. २९ एप्रिल २०१६. त्याच दिवशी टायगर श्रॉफचा ‘बागी’ होता. ‘सैराट’ने पहिल्या तीन दिवसांत बारा कोटी केले. पुढे शंभर कोटी ओलांडणारा पहिला मराठी सिनेमा झाला. ते पहिले तीन दिवस कुणी दिले? अजय-अतुलची गाणी आधीच लग्नाच्या वरातीत पोचली होती, थिएटरवाल्यांनी ते ऐकलं आणि शो लावले. अंदाज मराठीच्या बाजूनेही बरोबर येतो. तेव्हा तुम्ही काही तक्रार केली नाहीत.

मी : ‘सैराट’ला गाणी होती, नागराज मंजुळेंचं ‘फँड्री’मुळे झालेलं नाव होतं, झी स्टुडिओजचं बळ होतं. मला त्या सिनेमाची काळजी आहे ज्याच्याकडे यातलं काही नाही, सांगणारी माणसं तेवढी आहेत.

काका : बरं. मग दिवाळी २०१५ घे. १२ नोव्हेंबरला सलमानचा ‘प्रेम रतन धन पायो’ आला. पहिल्याच दिवशी चाळीस कोटी. त्याच दिवशी ‘कट्यार काळजात घुसली’ आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई २’. नाझमध्ये माझ्या ओळखीच्या प्रत्येकाने दोन्हींच्या निर्मात्यांना वेड्यात काढलं. दोन्ही चालले. गर्दीने मारलं नाही.

मी : तुमच्या ओळखीच्या प्रत्येकाचा अंदाज चुकला, हेच तर मी म्हणते आहे.

काका : चुकला. पण शो होते म्हणून चुकला असं कळलं ना? म्हणजे शो दिले गेले होते.

मी : मग २०१८ ची दिवाळी घ्या. ८ नोव्हेंबर. ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’. अमिताभ आणि आमिर, सगळ्या भाकितांत पहिला. पहिल्या दिवशी पन्नास कोटींच्या वर, हिंदी सिनेमाचा तेव्हाचा विक्रम. दुसऱ्या दिवशी जवळजवळ निम्मं. एकूण धंदा दीडशे कोटींच्या आसपास थांबला. म्हणजे आयुष्यभराच्या कमाईचा तिसरा हिस्सा एका दिवसात, लोकांना सिनेमा कसा आहे हे कळायच्या आत. त्याच दिवशी ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ आला. त्याला सुरुवातीला किती कोपऱ्यातले शो होते ते मी स्वतः बघितलंय. लोकांनी एकमेकांना सांगितलं आणि आठवड्याभरात शो वाढवावे लागले.

काका : वाढवले ना? मग यंत्रणा चालली. शो लोकांच्या मागे जातात, थोडे उशिरा जातात इतकंच.

मी : तो उशीरच मराठी सिनेमाला परवडत नाही. सुबोध भावे होते म्हणून ‘घाणेकर’ने आठवडा काढला. दुसरा एखादा रविवारीच उतरला असता.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जी गोष्ट काढली ती मुंबईत सिनेमाच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण दोन्ही बाजूंनी वापरता येते असं मला तोवर वाटलं नव्हतं. १९७१ चा ‘सोंगाड्या’. दादरच्या कोहिनूरमध्ये तो लागायचा होता आणि थिएटरला देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ हवा होता. दादा कोंडके बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक कोहिनूरसमोर उभे राहिले आणि ‘सोंगाड्या’ लागला.

काका : मी नाझला लागलो तेव्हा ही गोष्ट ताजी होती. सगळे म्हणायचे, शिवसेनेने सिनेमा चालवला. साफ खोटं. शिवसेनेने दरवाजा उघडला. पंचवीस आठवडे रांगा लावल्या त्या गिरणीतल्या माणसांनी. आंदोलन करून एक शुक्रवार मिळतो, दुसरा मिळत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ‘टायगर जिंदा है’च्या वेळी ‘देवा’साठी मनसे उतरली. शो मिळाले. पण ‘देवा’चा ‘सोंगाड्या’ झाला का?

मी : दरवाजा उघडलाच नसता तर गिरणीतली माणसं कुठे रांग लावणार होती?

काका : म्हणून तर दरवाजा उघडा ठेवायची आमची रीत होती. तेव्हा प्रिंट मोजक्या. सिनेमा एकेका शहरातून पुढे सरकायचा. थिएटरबरोबर करारात होल्डओव्हरचा आकडा लिहिलेला असायचा. आठवड्याचं कलेक्शन त्या आकड्याच्या वर असेल तोवर थिएटरवाल्याला सिनेमा काढता यायचा नाही, मग पुढच्या शुक्रवारी कुणीही येवो. खाली गेलं की उतरवायचा, तिथे आम्ही रडायचो नाही. सगळ्यांना आधीच माहीत असलेला आकडा. वशिला नाही, मोर्चा नाही.

मी : मग आता तो आकडा कुठे गेला?

काका : सॅटेलाइटवरून सिनेमा यायला लागला तेव्हा गेला. आज एक सिनेमा हजारो पडद्यांवर एकाच दिवशी उतरवता येतो. प्रिंटचा खर्च नाही, मग कमी पडद्यांवर कोण थांबेल? मोठा वितरक एकपडदावाल्याला सांगतो, चारही शो माझेच, नाहीतर सिनेमा दुसरीकडे. दिवाळी २०२४ ला ‘सिंघम अगेन’ आणि ‘भूलभुलैया ३’ यांच्यात पडद्यांवरून किती दिवस झोंबाझोंबी चालली, ते तू लिहिलंच असशील. ‘सिंघम’ने ओपनिंग मोठी घेतली आणि शेवटी ‘भूलभुलैया’ पुढे गेला.

शोच्या वेळेत सरकारने हात घातला तो एप्रिल २०१५ मध्ये. सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळेत मराठी सिनेमा दाखवण्याची सक्ती जाहीर केली. मुंबईत त्यावर बराच गदारोळ झाला. शेवटी तडजोड निघाली ती दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेची. मला ती तडजोड आजही टोचते, आणि तेच मी काकांना सांगितलं. बारा ते नऊ म्हणजे मंगळवारी दुपारी सव्वाबाराचा शोसुद्धा प्राइम टाइम. नियम पाळला गेला आणि गिरगाव-परळमधला कामावरून सातला घरी येणारा माणूस होता तिथेच राहिला. कोरियातही देशी सिनेमासाठी वर्षाचे ठरावीक दिवस राखलेले असतात, पूर्वी १४६, २००६ पासून ७३. दिवस मोजणं सोपं असतं. दिवसातली कुठली वेळ हा खरा प्रश्न.

काका : तुझं सगळं बोट हिंदीकडे. १८ जुलै २०२५ ला ‘सैयारा’पुढे ‘ये रे ये रे पैसा ३’चे शो गेले, तुम्ही आकांत केला. पण ‘सैयारा’ही दोन नवख्या पोरांचा सिनेमा होता. लोकच तिकडे धावले, थिएटरवाल्याने काय करायचं? आणि दोन महिन्यांनी, १२ सप्टेंबरला? ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’. तिन्ही मराठी, एकाच शुक्रवारी! दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ चालला, वीस कोटींच्या वर गेला, मला आनंद आहे. पण प्रेक्षक तोच, पगार तोच. महिन्यात एक मराठी सिनेमा बघणाऱ्या घरापुढे तुम्ही तीन ताटं मांडली. त्यात कुठल्या खानाचा हात होता?

याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते असायला हवं होतं असंही मला वाटत नाही, कारण काकांचं बरोबर आहे. १ मे २०२५ लाही हेच झालं. महाराष्ट्र दिनी ‘आता थांबायचं नाय!’ आणि ‘गुलकंद’ एकत्र आले, समोर ‘रेड २’. मुंबई महापालिकेतल्या सफाई कामगारांनी रात्रशाळेत बसून दहावी दिल्याची गोष्ट सांगणारा सिनेमा परळ-लालबाग-अँटॉप हिलचा स्वतःचा सिनेमा आहे. त्याला एक मोकळा शुक्रवार मिळायला हवा होता. मोठ्या हिंदी सिनेमांच्या तारखा वर्षभर आधी जाहीर होतात. मराठीतल्या कित्येक तारखा महिन्या-दीड महिन्यावर ठरतात, आणि सगळे एकाच मोकळ्या दिसणाऱ्या आठवड्याकडे धावतात.

काका : आणि गर्दी वाईटच असते हेही खरं नाही. ११ ऑगस्ट २०२३ आठव. ‘गदर २’, ‘ओएमजी २’, आदल्या दिवशी ‘जेलर’, तिकडे तेलुगूत ‘भोला शंकर’. त्या तीन दिवसांत देशभर दोन कोटी दहा लाख तिकिटं विकली गेली, ३९० कोटींचा धंदा झाला, असं मल्टिप्लेक्सवाल्यांच्या संघटनेनेच सांगितलं. ‘ओएमजी २’ चिरडला जाणार म्हणत होते. दहा कोटींवर सुरू झाला आणि दीडशेच्या आसपास गेला. एकाचं तिकीट मिळालं नाही की माणूस दुसऱ्याला जातो, घरी परतत नाही.

मी : कारण दुसऱ्याचाही शो त्याच वेळी, शेजारच्या पडद्यावर असतो. मराठीचा शो शेजारच्या पडद्यावर सातला असू द्या, तोच माणूस आमच्याकडेही येईल. त्याच पावसाळ्यातला ‘बाईपण भारी देवा’ घ्या. ३० जून २०२३. पहिल्या दिवशी एक कोटीच्या आसपास, कुणाच्या खिजगणतीत नाही. पहिल्या आठवड्यात साडेबारा कोटी. दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ पंचवीस. दुप्पट! बायका ठरवून साड्या नेसून, गॉगल लावून गटागटाने गेल्या. तुमच्या सलग आठ खुर्च्या. एकूण पंचाहत्तर कोटींच्या वर गेला. पहिल्या रविवारी निकाल लावला असता तर पुढची साठ कोटींची माणसं घरी बसली असती.

काका : आता तू हिशेबाच्या मुद्द्यावर आलीस. कागद घे.

काकांच्या टेबलावर विजेच्या बिलाची मागची बाजू होती. तिच्यावर त्यांनी २३६ लिहिलं.

काका : दोनशे छत्तीसचं तिकीट. छत्तीस रुपये जीएसटी, अठरा टक्क्यांनी. उरले दोनशे. जीएसटीच्या आधी मराठीला महाराष्ट्रात करमणूक कर माफ होता, ती सवलत गेली, तो भाग वेगळा. हे दोनशे थिएटर आणि वितरक, म्हणजे निर्मात्याची बाजू, वाटून घेतात. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले भांडले, दोन महिने नवे हिंदी सिनेमे लागले नाहीत, आणि मग जे ठरलं ते असं. पहिल्या आठवड्यात वितरकाला पन्नास टक्के, म्हणजे शंभर रुपये. दुसऱ्यात साडेबेचाळीस, पंच्याऐंशी रुपये. तिसऱ्यात साडेसदतीस, पंचाहत्तर. पुढे तीस टक्के, साठ रुपये. मराठीचे करार थोडे इकडेतिकडे होतात, पण उतरंड हीच. आता बोल, मोठा निर्माता पहिल्या तीन दिवसांसाठी का झगडतो?

मी : तेच तिकीट चौथ्या आठवड्यात विकलं तर त्याला चाळीस रुपये कमी मिळतात.

काका : म्हणून ओपनिंग, ओपनिंग. त्यात लोभ आहेच, पण आधी करार आहे.

मी : पण काका, ही उतरंड एक गोष्ट गृहीत धरते. पहिला आठवडा मोठा, पुढचे लहान. जो सिनेमा चढत जातो त्याला यात दंडच बसतो. ‘बाईपण’च्या दुसऱ्या आठवड्याचे पंचवीस कोटी पन्नास टक्क्यांनी धरले तर वाटा साडेबारा कोटी. साडेबेचाळीसने धरले तर दहा कोटी साठ लाखांच्या आसपास. एका आठवड्यात पावणेदोन कोटींहून जास्त फरक, आणि कशासाठी? लोकांना सिनेमा आवडला म्हणून.

काकांनी पेन फिरवलं. पुढची पाच मिनिटं ते बोलले नाहीत. खिडकीजवळ जाऊन त्यांनी कागद उजेडात धरला आणि परत येऊन माझ्यापुढे ठेवला.

काका : तू मगाशी सक्तीचं बोलत होतीस. सक्ती सोड. हे बघ. सगळे आठवडे सरसकट पंचेचाळीस टक्के. तुझ्या ‘बाईपण’चे पहिले दोन आठवडे, साडेबारा आणि जवळजवळ पंचवीस. सगळं मल्टिप्लेक्सच्या दराने धरू. उतरंडीने निर्मात्याचा वाटा येतो साधारण सोळा कोटी ऐंशी लाख. सरसकट पंचेचाळीसने?

मी : सोळा कोटी ऐंशी लाख!

काका : काडीचा फरक नाही. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र साडेसदतीसऐवजी पंचेचाळीस, तिथून निर्माता फायद्यात. आणि थिएटरवाल्याला पहिल्या आठवड्यात पन्नासऐवजी पंचावन्न मिळतात. तो तुला सहाचा शो द्यायला कबूल होईल, कारण जोखीम तू उचललीस.

मी : पण तिसऱ्या आठवड्यात त्याचे साडेबासष्टचे पंचावन्न होतात. तेव्हा तो सिनेमा उतरवेल.

काका : नवा सिनेमा लावला तर त्याला पन्नासच मिळणार. चालत्या सिनेमाचे पंचावन्न सोडून नव्याचे पन्नास कोण घेईल? घेईल, जर नवा सिनेमा तिप्पट माणसं आणणार असेल. तिथे माझा होल्डओव्हर घाल. अमुक टक्के खुर्च्या भरतायत तोवर शो आणि वेळ दोन्ही हलवायचं नाही. मला विचारशील तर वेळ न हलवणं हे जास्त शोंपेक्षा मोलाचं आहे. आमच्या वेळी तीन, सहा, नऊ. तिन्हीसांजेला कुणी सांगितलं की सिनेमा चांगला आहे, तर ऐकणाऱ्याला शो किती वाजता हे विचारावं लागत नव्हतं. आज सोमवारी सातचा शो, मंगळवारी तोच साडेतीनला, बुधवारी दुसऱ्या थिएटरात. माऊथ पब्लिसिटीने पाठवलेला माणूस दारात येऊन परत जातो.

मी : हे मी लिहीन.

काका : पूर्ण लिही. ज्याचा सिनेमा पडेल त्याचं काय, तेही लिही. समजा पहिल्या आठवड्यात तीन कोटी, दुसऱ्यात एक, आणि संपला. उतरंडीने निर्मात्याला एक कोटी साडेब्याण्णव लाख. सरसकटने एक कोटी ऐंशी लाख.

मी : साडेबारा लाखांचा तोटा.

काका : हो. आपला सिनेमा लोक एकमेकांना सांगतील असं ज्याला वाटतं, त्याने साडेबारा लाख पणाला लावायचे. मग अंदाज थिएटरवाल्याचा राहत नाही, निर्मात्याचा होतो. मोर्च्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

मी : छोट्या निर्मात्याला साडेबारा लाखसुद्धा जड आहेत, काका. त्याने घर गहाण टाकून सिनेमा केलेला असतो. त्याच्यासाठी सरकारचा हात लागेलच. पण हे मराठी चित्रपट महामंडळापुढे मांडता येईल. आणि त्याच बैठकीत मराठीच्या तारखा चार महिने आधी एका तक्त्यावर लावायचं ठरवता येईल. सक्ती नको, नुसतं एकमेकांना कळावं म्हणून.

काका : मांड. पण एक सांगतो, करारात ‘सहाचा शो’ असंच लिहून घ्या. ‘प्राइम टाइम’ लिहिलंत तर दुपारी बाराला बसाल.